एकाच शब्दाच्या दोन ओळी

माझी मावशी भित्री आहे, आणि हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाहीये. ती स्वतःच सांगते. लहानपणी माझ्या मामाने तिचं नाव भागूबाई पाडलं, भित्री भागूबाईतलं, आणि ते तिला इतकं चिकटलं की शेजारणीसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायच्या. घराबाहेर पडताना ती गॅसचं बटण तीनदा बघते. कुलूप ओढून बघते, चार पायऱ्या उतरते, परत येऊन परत ओढते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. अनोळखी नंबर दिसला की फोन काकांच्या हातात देते. काका म्हणजे तिचे यजमान. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्यांना जगात कशाचीच घाई नाही. ते म्हणतात, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणे. हिच्यापाठी अख्खी पलटण आहे."

अशी बाई एकतीस वर्षं एका रुग्णालयात नोकरी करते. बायकांच्या तपासण्यांचं रुग्णालय आहे ते. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायची, नमुना काचेवर घ्यायचा, तो प्रयोगशाळेत बघायचा आणि कर्करोगाची शंका आली तर त्या बाईला पुन्हा बोलवायचं, असं मुख्य काम. मावशी तिथे लागली ती नोंदींच्या खोलीत, फायलींना दोरी बांधायला. मग टायपिंग. मग सगळं संगणकावर आलं तेव्हा तिच्याबरोबरच्या दोघींनी लवकर निवृत्ती घेतली आणि मावशी मात्र घाबरत घाबरत राहिली. नको म्हणायचीही तिला भीती वाटली होती.

अहवाल करायला तिला मी शिकवलं. मी एका टायरच्या कंपनीत हेच काम करते: ठिकठिकाणाहून आलेली माहिती एकत्र करायची, तिच्यावर सूत्रं लिहायची आणि साहेबलोकांना एका पानावर आकडे दिसतील असं करायचं. पाच वर्षांपूर्वी रुग्णालयाने असाच अहवाल मागितला, तेव्हा मावशी माझ्याकडे पिशवीत वही घालून आली. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. पहिल्याच दिवशी तिने आकडे मोजणारं सूत्र निकालाच्या रकान्यावर चालवलं आणि उत्तर आलं शून्य. तिचा चेहरा पांढरा पडला. "सगळं पुसलं गेलं का गं?"

मी हसले. "काही पुसलं नाही, मावशी. तिथे शब्द आहेत, आकडे नाहीत. शब्द मोजायचं सूत्र वेगळं. त्याला सांगायचं, या रकान्यात ज्या ज्या ओळीत अमुक शब्द आहे, तेवढ्या ओळी मोज. शब्द अवतरणचिन्हात लिही. तू लिहिशील तोच शब्द तो मोजणार. काना इकडचा तिकडे झाला तरी नाही मोजणार."

"एवढा कडक?"

"एवढा कडक."

हे तिला आवडलं. कडक माणसांना ती घाबरते, पण कडक नियम तिला बरे वाटतात. वहीत तिने लाल पेनने लिहून घेतलं: लिहू तोच शब्द मोजतो. त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

निकालाचे शब्द दोनच होते. 'नॉर्मल' आणि 'ॲबनॉर्मल'. तीन केंद्रांमधून नोंदी यायच्या: स्टेशनजवळचं, बाजारातलं आणि नदीपलीकडचं. मावशीच्या अहवालात वर एक मोठा चौकोन होता, त्यात महिन्यातल्या ॲबनॉर्मल निकालांचा आकडा. त्यावर बोट दाबलं की खाली नावांची आणि फोन नंबरांची यादी उघडायची. ती यादी बघून एक सिस्टर त्या बायकांना फोन करायची आणि दुसऱ्या तपासणीला बोलवायची. तिला सगळे फोनवाली सिस्टरच म्हणायचे. नमुना द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला खिडकीवर एकच वाक्य सांगितलं जायचं: फोन आला तर या, नाही आला तर सगळं ठीक आहे असं समजा.

काही वर्षं हे नीट चाललं. गेल्या वर्षीच्या एका गुरुवारी, दुपारी पावणेबाराला, मी कंपनीत होते आणि मावशीचा फोन आला. कामाच्या वेळात ती मला कधीच फोन करत नाही. मी लगेच उचलला.

"मावशी? काय झालं? काका बरे आहेत ना?"

"ते बरे आहेत," ती म्हणाली. मग हळू आवाजात, कुणी ऐकेल अशा भीतीने, "एकच शब्द दोनदा दिसतोय."

"कुठे?"

"यादीत. आमच्या मोठ्या मॅडमनी सांगितलं म्हणून निवडायची पट्टी टाकली. निकाल निवडला की तेवढंच दिसतं ती. त्यात दोनच ओळी यायला पाहिजेत ना? तीन आल्यात. नॉर्मल. ॲबनॉर्मल. आणि पुन्हा अॅबनॉर्मल. सारखाच आहे गं. मी भिंग लावून बघितलं. काकांच्या दुकानातलं भिंग आहे माझ्याकडे. काना, मात्रा, रफार, सगळं सारखं."

तिला अजून कळलं नव्हतं, मला कळलं होतं. मी विचारलं, "दुसऱ्या ओळीवर किती आहेत?"

"एकोणीस."

"कोणत्या केंद्राच्या?"

ती एकेक ओळ पुटपुटत वाचत गेली. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. "सगळ्या नदीपलीकडच्या," ती म्हणाली. "जूनपासूनच्या."

झालं होतं ते असं. 'ॲबनॉर्मल'मधला पहिला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलकांवर आयता चंद्रासकट ॲ असतो, एकच अक्षर. काहींवर आधी साधा अ टाइप करायचा आणि मग त्यावर चंद्र ठेवायचा. डोळ्याला दोन्ही एकच. पण संगणकाच्या लेखी पहिलं एक अक्षर आहे आणि दुसरी दोन अक्षरं आहेत, म्हणजे शब्दच वेगळा. नदीपलीकडच्या केंद्रात जूनमध्ये नवीन संगणक आला होता. तिथली नोंदवाली बाई इमानेइतबारे योग्य तोच शब्द लिहीत होती. आणि मावशीचं सूत्र, मी सांगितलं तसं, लिहिलेला तोच शब्द मोजत होतं. सात महिन्यांत त्या एकोणीसजणी चौकोनातल्या आकड्यात आल्या नाहीत. यादीत आल्या नाहीत. त्यांना फोन गेला नाही. आणि फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून त्या घरी बसल्या होत्या.

अक्षराचं हे मी तिला फोनवर सांगितलं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी त्यांना मोजलंच नाही."

"तू नाही गं, सूत्राने. आणि ते मी शिकवलंय तुला."

"ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचा तास तिने कसा काढला, हे तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ती खुर्चीवरून उठू शकली नाही. तिने पडद्यावर ती एकोणीस नावं उघडली होती आणि प्रत्येकीच्या पुढे वय होतं. चौतीस. एकेचाळीस. एकोणतीस. साठ. तिला वाटत होतं दार उघडेल आणि कुणीतरी विचारेल, काय करताय? म्हणून तिने पडद्यावरची खिडकी लहान करून ठेवली, मग पुन्हा मोठी केली. मग तिच्या मनात एक विचार आला. तो विचार आला याचीच तिला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. सूत्रात एक दुरुस्ती करायची, दोन्ही शब्द मोजायचे आणि ही एकोणीस नावं गुपचूप या महिन्याच्या यादीत मिसळून टाकायची. सिस्टर फोन करेल, बायका येतील, तपासण्या होतील. कुणी विचारणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने दुरुस्ती केलीही. चौकोनातला आकडा बावीसवरून एक्केचाळीस झाला. तो एक्केचाळीस बघूनच तिला कळलं, हे लपणार नाही. तारखा तर ओळींमध्ये होत्याच, जून, जुलै, ऑगस्ट. सिस्टर आंधळी नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने मलाही सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये तिला अहवालातल्या आलेखात दिसलं होतं की नदीपलीकडच्या केंद्राचा खांब रिकामा आहे. तीन महिने, एकही ॲबनॉर्मल नाही. तिला ते टोचलं. तिने सिस्टरला विचारलंही, पण सिस्टर कामात होती. मग महिन्याच्या बैठकीत मोठ्या मॅडम, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टर, तोच आकडा दाखवून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, नदीपलीकडे आपण इतकी शिबिरं घेतली, त्याचा परिणाम." टाळ्या वाजल्या. मावशी मागच्या रांगेत होती. तिने हात वर करायला घेतला आणि तो परत मांडीवर ठेवला. टाळ्यांच्या मधे उभं राहून 'मॅडम, मला शंका आहे' म्हणायची तिची छाती झाली नाही. कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई त्या दिवशी गप्प बसली, कारण तिला मॅडमची भीती वाटली.

एक वाजता ती उठली आणि फोनवाल्या सिस्टरच्या खोलीत गेली. सिस्टर डबा उघडत होती. पन्नाशीची, जाड चष्म्याची, बोलायला फटकळ बाई. मावशीने यादीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका कापत होता की सिस्टरला दोनदा विचारावं लागलं.

सिस्टरने तारखांवरून बोट फिरवलं. जूनवर ते थांबलं. मग तिने डब्याचं झाकण लावलं.

"मॅडमना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग आधी मॅडम. मी इकडे फोन सुरू करते."

"त्या मला काढून टाकतील, सिस्टर."

"टाकतील की," सिस्टर म्हणाली आणि फोन जवळ ओढला. "बसून रडायचं असेल तर संध्याकाळी रडा, ताई. आत्ता जा."

मोठ्या मॅडमची खोली वरच्या मजल्यावर आहे. मावशी जिना चढून गेली. ती म्हणते की प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं, आता आपण खाली पडणार आणि सगळ्यांना तेच बरं वाटेल. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आजार सावकाश वाढतो. सात महिन्यांनी बहुतेकींना काहीही फरक पडत नाही."

मावशीला धीर देण्यासाठीच त्या म्हणाल्या असतील. पण मावशीच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला. बहुतेकींना. त्या रात्रीपासून ती झोपेत तोच शब्द पुटपुटायची, काका सांगतात.

चौकशी बसली. मॅडमनी तिला कामावरून काढलं नाही, पण अहवालाचं काम काढून घेतलं आणि लेखी जबाब मागितला. मी त्या शनिवारी तिच्याकडे गेले. ती टेबलाशी कोरा कागद घेऊन बसली होती, शेजारी थंडगार झालेला चहा. काका तिच्यासमोर बसून एका चष्म्याची दांडी पिळत होते.

"अगं, सरळ लिही," ते म्हणाले. "नवीन संगणक आला, अक्षर वेगळं टाइप झालं, कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. खोटं आहे का यात काही?"

"खोटं नाही, अहो. पण अर्धं आहे."

"म्हणजे?"

तेव्हा तिने आम्हाला ऑगस्टचं सांगितलं. रिकामा खांब, बैठक, टाळ्या, वर गेलेला हात. काकांचं दांडी पिळणं थांबलं.

मी म्हणाले, "मावशी, ते लिहायची गरज नाही. त्या बैठकीचं कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना."

"ते लिहिलंस तर तुला शंका होती असा अर्थ निघेल. मग तांत्रिक चूक राहत नाही ती. तुझी चूक होते."

"मग माझीच आहे," ती म्हणाली. तिचं अक्षर वेडंवाकडं येत होतं. पण तिने ते लिहिलं. ऑगस्टमध्ये मला शंका आली होती. मी विचारायला घाबरले. तिने ती दोन वाक्यं लिहिली आणि उठून जाऊन गॅसचं बटण बघून आली.

काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भागूबाई," एवढंच म्हणाले.

इकडे सिस्टरचे फोन चालूच होते. पहिल्या आठवड्यात चौदाजणी येऊन गेल्या. दुसऱ्या आठवड्यात तिघी. मावशी आता पुन्हा फायलींच्या खोलीत होती, पण दर तासाला काहीतरी निमित्त काढून सिस्टरच्या दारात जायची. सिस्टर मान वर न करता सांगायची, "आज दोघींचं आलं. दोघींचं चांगलं." मावशी परत जायची. तासाभराने पुन्हा यायची. पाण्याची बाटली तिने गळ्यात अडकवल्यासारखी बरोबर ठेवली होती. घरी ती नीट जेवत नव्हती. फोन वाजला की हातातलं भांडं खाली ठेवायची, मग उचलायची. पण आता ती तो काकांकडे देत नव्हती, हे मी पाहिलं.

दोघीजणी राहिल्या. एकीचा फोन बंद होता आणि नोंदीतल्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं. दुसरीचा फोन लागायचा पण कुणी उचलायचं नाही. यादीत तिचं वय एकेचाळीस होतं, तारीख जूनची, अगदी पहिल्या आठवड्यातली.

"उद्या तिच्या घरी जाऊन येते," सिस्टर म्हणाली.

"मी येऊ?" मावशीने विचारलं. आपण हे कसं बोललो, ते तिलाच कळलं नाही.

सिस्टरने तिला खालीवर न्याहाळलं. "तुम्ही कशाला? तिथे चक्कर येऊन पडलात तर मी कुणाला बघू?"

"नाही पडणार."

घर एका तीन मजली इमारतीत होतं, दुसऱ्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या शेवटी. दार उघडंच होतं. आत एक बाई खिडकीपाशी बसून शर्टांना बटणं लावत होती. डाव्या हाताला न लावलेले शर्ट, उजव्या हाताला लावलेले, मधे बशीत बटणं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. सिस्टरने ओळख सांगितली, रुग्णालयाचं नाव सांगितलं, तेव्हा तिने सुई शर्टात टोचून ठेवली.

"फोन तुम्ही करत होतात होय? मला वाटलं कारखान्याचा माणूस. शर्ट वेळेवर झाले नाहीत म्हणून उचलत नव्हते."

सिस्टरने हळूहळू सांगितलं. जूनच्या तपासणीचा निकाल चांगला नव्हता. बोलवायला हवं होतं. राहून गेलं. आता लगेच यावं लागेल. बाई ऐकत होती आणि बशीतली बटणं बोटाने एका बाजूला सारत होती.

"मला रक्त जातंय तीन महिने," ती म्हणाली. "मधेच, कधीही. बहीण म्हणाली दाखव. मी म्हटलं, अगं, जूनमध्ये तर तपासून घेतलंय. फोन आला नाही म्हणजे ठीक आहे, तिथल्या बाईनेच सांगितलं होतं खिडकीवर." मग तिने मावशीकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

मावशी दारातच उभी होती. तिने चौकट धरली होती. सिस्टर तिच्या वतीने काहीतरी बोलणार होती, पण त्याआधी मावशी म्हणाली, "मोजायचं काम माझं होतं. तुम्ही मोजणीत राहून गेलात. माझ्याकडून."

व्हरांड्यात कुठेतरी बादली भरत होती. ती भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही.

"मी मोजणीत राहिले," त्या बाईने म्हटलं. प्रश्न नव्हता. तिने वाक्य नुसतं म्हणून बघितलं. मग ती उठली, शर्टांच्या दोन्ही चळती एकावर एक ठेवल्या, त्यावर चादर टाकली. "थांबा. बहिणीला निरोप देते आणि येते. आत्ताच येते."

जिना उतरताना तिने मावशीशी एक शब्द काढला नाही. रिक्षात ती मधे बसली होती आणि मावशीच्या दंडाला तिचा दंड लागत होता. मावशी सांगते, "तिचं अंग गरम होतं की माझं गार पडलं होतं, मला कळेना. मी रिक्षाच्या मीटरकडे बघत बसले. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती."

निकाल यायला नऊ दिवस लागले. तिला कर्करोग होता. पसरला नव्हता, पण अगदी सुरुवातीचाही नव्हता. शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचे उपचार. जूनमध्येच बोलावलं असतं तर एवढं करावं लागलं असतं का, हे मावशीने मोठ्या मॅडमना विचारलं. एकतीस वर्षांत तिने त्यांना स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मॅडम म्हणाल्या, "कदाचित कमी करावं लागलं असतं. कदाचित नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

बाकीच्यांचा हिशोब असा लागला. तेराजणींना काहीच निघालं नाही, फक्त सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. चौघींवर छोटा उपचार झाला आणि त्या त्याच दिवशी घरी गेल्या. एक ती बटणं लावणारी. आणि एक सापडलीच नाही. एकोणतीस वर्षांची, फोन बंद असलेली. रुग्णालयाने पत्र पाठवलं, ते परत आलं. सिस्टरने शेजाऱ्यांना विचारलं, घरमालकाला विचारलं. नवऱ्याची बदली झाली म्हणाले, कुठे ते माहीत नाही. ती कुठेतरी आहे आणि सगळं ठीक आहे असं समजून आहे. मावशीला अजूनही सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. कधी रस्त्यात त्या वयाची कुणी बाई दिसली की मावशी थांबते. एकदा तिने एका अनोळखी मुलीला थांबवून नाव विचारलं. मुलगी घाबरून निघून गेली.

चौकशीचा शेवट मवाळ झाला. मावशीच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. मोठ्या मॅडमनी पुढच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की शिबिरांचा परिणाम म्हणून आपण जे वाचलं, ते चुकीचं होतं आणि आकडा रिकामा दिसला तेव्हा तो सगळ्यात आधी मी स्वतः तपासायला हवा होता. त्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मावशी याही वेळी मागच्या रांगेत होती आणि तिला मॅडमची दया आली, असं ती म्हणाली. मला हे नवलाचं वाटलं.

मी त्यांच्या अहवालात बदल करून दिले. आता निकाल हाताने टाइप करायचाच नाही, दोनातला एक निवडायचा. आणि चौकोन चार केले: नॉर्मल, ॲबनॉर्मल, या दोन्हींत न बसणारे आणि एकूण. तिसरा चौकोन शून्य नसेल तर पान लाल होतं. हे मी पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. कंपनीत टायरांसाठी मी ते करत होते. मावशीकडच्या त्या टेबलावर मात्र मला सुचलं नव्हतं. त्याबद्दल मला कुणी ताकीद दिली नाही.

खिडकीवरचं ते वाक्यही बंद झालं. आता निकाल कसाही असो, प्रत्येक बाईला फोन जातो. ॲबनॉर्मल असेल तर फोनवाली सिस्टर करते. नॉर्मल असेल तर कोण करणार, हा प्रश्न आला तेव्हा मावशीने बैठकीत हात वर केला. अनोळखी नंबरला घाबरणारी बाई आता दिवसाला पन्नास-साठ अनोळखी नंबर लावते. भीती गेली असं मात्र नाही. पहिला नंबर दाबायच्या आधी ती हाताचा घाम पदराला पुसते, मी बघितलंय.

मागच्या महिन्यात मी तिला डबा द्यायला गेले होते. ती फोनवर होती. तिने आधी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग घाईघाईने, एका दमात म्हणाली, "रुग्णालयातून बोलतेय, घाबरू नका, तुमचा निकाल नॉर्मल आहे, सगळं ठीक आहे."

मावशीने फोन कानाला आणखी दाबला. मग पलीकडून एका बाईचा बारीक, घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला. "ठीक आहे, मग फोन कशाला केलात?"

"हेच सांगायला," मावशी म्हणाली.

"नक्की ना? काही लपवत नाही ना तुम्ही?"

मावशीने समोरच्या कागदावर बोट ठेवलं, ओळ पुन्हा वाचली, नाव जुळवलं, तारीख जुळवली. मला तिने हातानेच थांब म्हणून खूण केली.

"नाही, बाई," ती म्हणाली. "थांबा, मी तुम्हाला सगळं वाचून दाखवते."